मुलूख एकाचा, ताबा दुसऱ्याचा, बांधकाम तिसऱ्याचे

दर वर्षी २१ ऑक्टोबरला, बहुधा दिवाळीच्या आगेमागेच, चंद्रपूरच्या कारागृहातल्या पिंपळापाशी वीर बाबूराव शेडमाके यांना अभिवादन करायला लोक जमतात. १८५८ मध्ये याच दिवशी त्यांना तिथे फाशी दिली गेली. त्यांच्या बंडाची कथा वरोरा-भद्रावतीपासून अहेरी-सिरोंच्यापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. राजगड परगण्याचा ताबा, नांदगाव-घोसरीची लढाई, कॅप्टन क्रिक्टनच्या फौजेशी दिलेली झुंज हे सारे दर वर्षी सांगितले जाते. त्या कथेतल्या एका प्रसंगापाशी मात्र मी बरीच वर्षे अडून बसलो आहे.

२९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारायंत्र खात्याच्या माणसांच्या तळावर बाबूराव आणि अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव यांच्या लोकांनी हल्ला केला. गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले. पीटर नावाचा तिसरा कसाबसा निसटून क्रिक्टनपर्यंत पोचला. या तिघांपैकी कोणीही शिपाई नव्हता. ते पगारी कर्मचारी होते. मग बंडवाल्यांनी त्यांनाच का गाठले?

उत्तर फार दूर नाही. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, औरस वारस नाही म्हणून डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले, आणि चांद्याचा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. ताबा मिळून जेमतेम चार वर्षे झाली होती. अशा नव्या मुलखात तारेचा खांब म्हणजे हुकूम पोचवणारा हात. घोडेस्वाराला जिथे दिवस लागत, तिथे तारेला काही क्षण पुरत. तार टाकणारा माणूस हातात बंदूक न घेताही ताबा पक्का करत होता. हे बंडवाल्यांनी ओळखले असावे, असा माझा तर्क आहे.

पण त्या हल्ल्याने तार थांबली नाही. जीव गेला तो दोन नोकरांचा. तार टाकण्याचा निर्णय घेणारे, तिचे सामान विकणारे आणि त्यावर नफा कमावणारे प्राणहितेपासून शेकडो, हजारो कोस दूर होते. तारेमागोमाग रेल्वेही आली. वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे आमच्या वरोऱ्यापर्यंतचा फाटा १८७० च्या दशकात सरकारने बांधला, तो इथल्या कोळशासाठी. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली. रूळ राहिले आणि पुढे दिल्ली-मद्रास मार्गाचा भाग झाले. आज आम्ही त्याच वाटेने नागपूरला जातो.

प्रश्न असा आहे : एखाद्याचा मुलूख दुसऱ्याने बळकावलेला असताना तिसरा कोणी तिथे येऊन रेल्वे, बंदर, धरण, पूल बांधतो, तेव्हा त्या तिसऱ्याला जाब कोणी विचारायचा, आणि कसा? चिंचगुंडीचा मार्ग हा त्याचा एक अत्यंत दुर्दैवी प्रकार झाला. शस्त्र न उचलता, पैशाची आणि मालाची वाट अडवून जाब विचारता येतो का? हल्ली युरोप-अमेरिकेतल्या बातम्यांत ‘निर्बंध’ हा शब्द रोज कानावर येतो, त्याचा अर्थ हाच. हा प्रयोग आपल्या अगदी शेजारी, मराठी माणसांच्या नात्यागोत्यात, पूर्वी एकदा झालेला आहे. तो गोव्यात झाला.

लंडनची कंपनी, पणजीचे सरकार

गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात साडेचारशे वर्षे होता, हे आपण सहज म्हणतो. पण तिथली रेल्वे आणि मुरगावचे बंदर पोर्तुगीजांनी स्वतःच्या हिमतीवर बांधलेले नाही. १८७८ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात गोव्याबाबत व्यापारी तह झाला. त्यानंतर १८८१ मध्ये मुरगाव ते ब्रिटिश हद्दीपर्यंतच्या रेल्वेची आणि मुरगावच्या बंदराची सवलत लंडनच्या एका कंपनीला मिळाली : ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे कंपनी’. नावातला ‘गॅरंटीड’ हा शब्द महत्त्वाचा. भांडवल इंग्रजांचे, आणि त्यावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. धंदा चालो न चालो, लंडनच्या भागधारकाला त्याचे मिळणारच. ब्रिटिश हिंदुस्थानात जीआयपी रेल्वेला पाच टक्क्यांची हमी मिळाली होती, त्याच जातीचा हा व्यवहार.

या हमीचा पैसा कुठून आला, हे पाहण्यासारखे आहे. त्याच तहाने गोव्यातल्या मिठावरचे नियंत्रण इंग्रजांकडे गेले आणि मोबदल्यात ब्रिटिश हिंदुस्थान सरकार दर वर्षी चार लाख रुपये पोर्तुगीजांना देऊ लागले. ही रक्कम रेल्वेच्या हमीपोटी वळवली गेली. म्हणजे पेडणे-बार्देशातल्या मिठागरांवर पोट असलेल्या माणसांचा धंदा आखडला, आणि त्याच्या भरपाईतून लंडनच्या भागधारकाचे व्याज भागले. १८९२ च्या जानेवारीत तह संपला. रेल्वे राहिली. मुरगावपासून दूधसागराच्या कडेने घाट चढून कॅसलरॉकला पोचणारी ती ५१ मैलांची वाट १८८८ पर्यंत खुली झाली होती.

त्या वेळी या कंपनीला जाब विचारणारे कोणी नव्हते. मुलूख बळकावलेल्याचे आणि बांधणाऱ्याचे सरकार एकमेकांचे जुने दोस्त होते. ज्यांचा मुलूख होता त्यांच्याजवळ ना सरकार, ना न्यायालय, ना वर्तमानपत्राची ताकद. जाब विचारू शकणारा पक्ष निर्माण झाला तो १५ ऑगस्ट १९४७ ला.

नाकेबंदी

स्वतंत्र भारताने सुरुवातीला बोलणी करून पाहिली. २७ फेब्रुवारी १९५० रोजी लिस्बनला रीतसर टिपण पाठवून वाटाघाटींची मागणी केली. सालाझारच्या सरकारने ती नाकारली, आणि १९५१ मध्ये घटनेत दुरुस्ती करून वसाहतींचे नावच बदलून टाकले : त्या आता ‘सागरपार प्रांत’. म्हणजे गोवा हा पोर्तुगालचाच तुकडा, चर्चेचा प्रश्नच नाही. ११ जून १९५३ रोजी भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टात दादरा व नगरहवेली मुक्त झाली. त्या वर्षापासून भारताने गोव्याभोवतीचा फास टप्प्याटप्प्याने आवळायला सुरुवात केली. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पत्रादेवी आणि इतर ठिकाणी पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मेली. १ सप्टेंबरला पणजीतली भारतीय कचेरी बंद झाली. कॅसलरॉकवरून जाणारी रेल्वे वाहतूक थांबली, मालाची ने-आण थांबली, माणसांच्या ये-जा करण्याला परवान्यांचा विळखा पडला. मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकरांना घरी पैसे पाठवणे मुश्कील झाले.

या नाकेबंदीमागचा हिशेब स्पष्ट होता. गोव्याचे तांदूळ-भाजीपासूनचे जगणे भारतावर अवलंबून होते, कमाईचा मोठा हिस्सा मुंबईतून येणाऱ्या पैशाचा होता. वाट अडवली की कारभार चालवणे लिस्बनला परवडणार नाही, असा अंदाज होता. कायद्याच्या दृष्टीनेही भारताची बाजू नंतर बऱ्यापैकी टिकली. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दमण ते दादरा-नगरहवेली या वाटेच्या हक्कासाठी दावा लावला होता. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की नागरी माणसे, अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता पोर्तुगालला जाण्या-येण्याचा हक्क होता, सशस्त्र दलांसाठी नव्हता, आणि १९५४ मध्ये भारताने जे केले ते आपल्या कर्तव्याचा भंग करणारे नव्हते. तो दावा गोव्याच्या नाकेबंदीचा नव्हता, पण आपल्या हद्दीतून जाणारी वाट नियंत्रित करण्याचा भारताचा अधिकार त्यातून अधोरेखित झाला.

कायदा बाजूने होता, तरी नाकेबंदीने अपेक्षित परिणाम साधला नाही. का नाही साधला, यातच या लेखाचा विषय आहे.

फास कोणाच्या गळ्याला?

आधी कोणाला बसला ते पाहू. गोव्यातला नारळ, सुपारी, आंबा आणि फणस बेळगाव-कारवार-रत्नागिरीच्या बाजारात येईनासा झाला. मुंबईत जहाजावर, हॉटेलात, कचेरीत राबणाऱ्याची मनिऑर्डर घरी पोचेना. ज्यांची कुलदैवते मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा ही गोव्यात आणि घरे मुंबई-मालवणात, अशा मराठी-कोकणी कुटुंबांची जत्रा चुकू लागली. बांद्याच्या अलीकडे मुलगी आणि पलीकडे माहेर, असे चित्र झाले. भारत ज्यांना मुक्त करू पाहत होता, नेमके त्यांचेच हाल झाले.

पोर्तुगीज सरकारने मात्र समुद्राकडे तोंड वळवले. जी चीज जमिनीवरून येत नव्हती ती जहाजातून येऊ लागली. बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून, तांदूळ आणि भाज्या पाकिस्तानातून आल्याच्या आठवणी त्या पिढीतले गोवेकर सांगतात. आयातीवरचे हात सैल सोडल्याने विलायती घड्याळे, दारू, सोने यांची रेलचेल झाली, आणि रात्रीच्या अंधारात सीमेपलीकडे माल उतरवणाऱ्यांची चलती झाली. नाकेबंदीने एक नवा धंदा उभा केला.

बांधकामही थांबले नाही, उलट वाढले. १९५५ मध्ये दाबोळीला विमानतळ उभा राहिला आणि ‘ताईप’ ही विमान कंपनी निघाली. तिची विमाने दमण, दीव आणि कराचीला जाऊ लागली. जमिनीची वाट अडवली म्हणून आकाशाची वाट बांधली गेली. दाबोळीची धावपट्टी एका अर्थाने आपल्या नाकेबंदीचे अपत्य आहे.

खनिजाची वाट

पण नाकेबंदी फसण्याचे सर्वांत मोठे कारण डिचोली-सांग्याच्या डोंगरात होते. गोव्यातून लोहखनिजाची निर्यात सुरू झाली ती १९४७ च्या सुमारास, अगदी किरकोळ प्रमाणात. युद्धात उद्ध्वस्त झालेला जपान तेव्हा पुन्हा पोलाद गाळू लागला होता आणि त्याला खनिज हवे होते. १९५१ मध्ये जपानच्या ‘कोकन मायनिंग’ या कंपनीने गोव्याच्या ‘चौगुले’ कंपनीशी शिरगावच्या खाणीबाबत करार केला. यंत्रसामग्री जपानने कर्जाऊ द्यायची आणि परतफेड खनिजाच्या रूपाने घ्यायची, असा तो करार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशात खाणी उभ्या करून माल नेण्याची जपानची जी पद्धत पुढे जगभर पसरली, तिचा हा आरंभीचा नमुना मानला जातो. नंतर पश्चिम जर्मनीही मोठा गिऱ्हाईक झाला. १९५९ मध्ये मुरगाव बंदरात खनिज यंत्राने जहाजात भरण्याची सोय उभी राहिली. १९६१ पर्यंत वर्षाची निर्यात साठ लाख टनांच्या घरात गेली होती.

आता हे खनिज जात कसे होते ते पाहा. खाणीतून ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर, तिथून मांडवी किंवा जुवारीतून बार्जेसने मुरगावला, आणि मुरगावहून थेट जहाजात. या सगळ्या वाटेत भारताची एक इंच जमीन लागत नव्हती. कॅसलरॉकला रूळ अडवले तर नारळवाल्याची टोपली अडे, पण खनिजाचा एक कणही अडत नव्हता. नाकेबंदीत ज्यांचे उत्पन्न वाढले त्यांत खनिजवाले आघाडीवर होते, आणि त्या करांवर पोर्तुगीज प्रशासन तरले.

मग भारताने त्या जपानी आणि जर्मन कंपन्यांना जाब का विचारला नाही? इथे निंदा करण्याआधी परिस्थिती पाहिली पाहिजे. १९५५ चा भारत टोकियोला काय सांगणार? त्यालाच परकीय चलन हवे होते, त्यालाच खनिज विकायचे होते. १९५८ मध्ये किरिबुरूच्या आणि १९६० मध्ये बैलाडिलाच्या खनिजासाठी भारताने जपानशी करार केले. बैलाडिला म्हणजे आमच्या गडचिरोलीच्या शेजारचे बस्तर. गोव्याचा प्रतिस्पर्धी माल विकायला निघालेल्या देशाने त्याच गिऱ्हाइकाला ‘गोव्याचे घेऊ नका, नाहीतर तुमच्याशी व्यवहार नाही’ असे बजावणे फार अवघड होते. हा माझा निष्कर्ष आहे, पण वर्षांचा क्रम तसेच सुचवतो. दिल्लीच्या हातात होते ते फक्त कॅसलरॉकचे रूळ, पत्रादेवीचे फाटक आणि मनिऑर्डरीचा फॉर्म. जे हातात होते तेच दाबले गेले.

म्हणजे नाकेबंदी प्रदेशावर होती, बांधणाऱ्यावर नव्हती. हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या नेत्यांचा हेतू शुद्ध होता आणि गोळीबाराने देश संतापलेला होता. पण हेतू कितीही शुद्ध असला तरी फास कोणाच्या गळ्यात पडतो हे दोरीच्या टोकावरून ठरते. शेवटी १८ डिसेंबर १९६१ ला फौजा निघाल्या. भारतीय विमानांनी दाबोळीची धावपट्टी उडवली, पण तिथल्या इमारतींना धक्का लागू नये अशी ताकीद होती. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. धावपट्टी लगेच दुरुस्त झाली, रेल्वे भारतीय रेल्वेत आली, मुरगाव आपले मोठे बंदर झाले. आज दाबोळीला विमानातून उतरणाऱ्या पर्यटकाला ती धावपट्टी कोणी आणि कशासाठी बांधली हे माहीत असण्याचे कारण नाही.

झांबेझीच्या काठी

नेम बदलला तर काय होते, याचे उदाहरण त्याच पोर्तुगीज साम्राज्यात, गोवा गेल्यानंतर आठच वर्षांनी घडले. मोझांबिकमध्ये झांबेझी नदीवर काहोरा बासा येथे प्रचंड धरण बांधायचे ठरले. वीज मुख्यतः वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेला विकायची होती. १९६९ मध्ये ‘झामको’ या आंतरराष्ट्रीय गटाला कंत्राट मिळाले. त्यात दक्षिण आफ्रिकी, फ्रेंच आणि पश्चिम जर्मन कंपन्या होत्या. मोझांबिकमधली स्वातंत्र्यवादी संघटना ‘फ्रेलिमो’ तिथे पोर्तुगीजांशी लढत होती.

या गटात सुरुवातीला स्वीडनची ‘असिया’ ही विजेची यंत्रे बनवणारी कंपनीही होती. स्वीडनमध्ये लोकमत तापले. त्यातच १९६९ मध्ये ऱ्होडेशियावरील निर्बंधांचा कायदा तिथे अमलात आला होता. धरणाच्या कामात ऱ्होडेशियाचा माल आला, तर स्वीडिश कंपनी आपल्याच देशातल्या कायद्याच्या कचाट्यात सापडणार, हा धोका स्पष्ट झाला. असिया बाहेर पडली. पुढच्या वर्षी झांबियाचे अध्यक्ष केनेथ कौंडा युरोपच्या राजधान्यांत फिरले. इटलीनेही हात काढून घेतला. १९७० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ठराव करून, ज्यांच्या कंपन्या काहोरा बासात गुंतल्या आहेत त्या देशांनी पाठिंबा काढावा, असे आवाहन केले.

इथे फरक पाहा. झांबेझीकाठच्या शेतकऱ्याची मनिऑर्डर कोणी अडवली नाही. जाब विचारला गेला तो स्टॉकहोम आणि रोममध्ये, जिथे बांधणाऱ्याचे घर आणि त्याची बँक आहे. दोन देश बाहेर पडले. तरी धरण थांबले नाही, कारण उरलेल्यांनी जागा भरली. १९७४ अखेर धरण पूर्ण झाले, तेव्हा लिस्बनची राजवटच उलथली होती. २५ जून १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झाला.

स्वतंत्र मोझांबिकने ते धरण फोडले नाही. फोडणार कसे? पण त्याची मालकीही त्याला मिळाली नाही. धरण चालवणाऱ्या कंपनीत पोर्तुगालचा हिस्सा ८२ टक्के, मोझांबिकचा १८. बहुमताची मालकी आली ती थेट २००७ मध्ये, सुमारे ९५ कोटी डॉलरच्या व्यवहारानंतर. आपल्या नदीवर, आपल्या विरोधाला न जुमानता बांधलेले धरण विकत घेण्यासाठी एका गरीब देशाला तीस वर्षांनी पैसे मोजावे लागले. मिठागरांच्या भरपाईतून लंडनचे व्याज भागवणाऱ्या गोव्याच्या रेल्वेची आठवण मला इथे येते. बांधणाऱ्याला वेळीच अडवले नाही, तर बिल शेवटी मुलखाच्या मालकाकडेच येते.

कायदा काय म्हणतो

बळकावलेल्या प्रदेशाबाबत कायद्याचे जुने तत्त्व १९०७ च्या हेग नियमांत सापडते. ५५ वे कलम सांगते की ताबा घेणारे राज्य हे शत्रूराज्याच्या सार्वजनिक इमारती, जमिनी, जंगले आणि शेते यांचे केवळ व्यवस्थापक आणि उपभोगाचा हक्क असलेले असते. मूळ भांडवलाला त्याने हात लावायचा नाही. गहाण ठेवलेल्या आमराईचे आंबे खावेत, झाडे तोडू नयेत, तसा हा दंडक. जंगलाचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे, हे आम्हा जंगल-जिल्ह्यातल्या माणसांनी लक्षात ठेवावे. गोवा हा काटेकोर अर्थाने युद्धात ताब्यात घेतलेला प्रदेश नव्हता, वसाहत होती. पण संयुक्त राष्ट्रांनी १५ डिसेंबर १९६० च्या ठरावात गोवा व इतर पोर्तुगीज मुलूख स्वशासन नसलेले प्रदेश म्हणून जाहीर केले होते, त्यामुळे तिथल्या साधनसंपत्तीवर लिस्बनचा निर्विवाद हक्क उरला नव्हता.

या तत्त्वाला अलीकडे दात आले आहेत. रशियाने मार्च २०१४ मध्ये क्रिमिया घेतला आणि केर्चच्या सामुद्रधुनीवर १९ किलोमीटरचा पूल बांधायला घेतला. मे २०१८ मध्ये त्यावरून गाड्या धावू लागल्या. ३१ जुलै २०१८ ला युरोपीय संघाने पुलाच्या कामात गुंतलेल्या सहा संस्थांवर निर्बंध लादले : मालमत्ता गोठवली, व्यवहार बंद. त्याआधी २०१७ मध्ये जर्मनीच्या ‘सीमेन्स’ने रशियात अन्यत्र वापरासाठी विकलेली वीजनिर्मितीची यंत्रे क्रिमियात नेल्याचे उघड झाले, तेव्हाही संबंधित माणसे व कंपन्या यादीत आल्या. पुलाच्या कामाला यंत्रसामग्री आणि सेवा पुरवणाऱ्या डच कंपन्यांना तर स्वतःच्याच देशात खटल्यांना तोंड द्यावे लागले. क्रिमियातल्या भाजीवाल्याऐवजी हॉलंडच्या यंत्रवाल्याला कोर्टात उभे करणे, हा गोव्यापासून साठ वर्षांत झालेला बदल आहे. १९५५ मध्ये गोव्याला बटाटे पाठवणारा तोच हॉलंड!

पण पूल उभा राहिलाच, हेही खरे. निर्बंध पूल पूर्ण झाल्यावर आले. आणि कायद्याचे दात सर्वत्र सारखे चावत नाहीत. इस्रायलव्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातल्या वसाहतींशी व्यवहार करणाऱ्या ११२ कंपन्यांची यादी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने १२ फेब्रुवारी २०२० ला प्रसिद्ध केली. त्यांतल्या ९४ इस्रायलमधल्या आणि १८ अन्य सहा देशांतल्या होत्या. या यादीने कोणाला दंड झाला नाही. तिला तसा अधिकारच नाही. नॉर्वेच्या सरकारी निधीने मात्र तिथल्या वसाहतींचे बांधकाम करणाऱ्या काही कंपन्यांतली आपली गुंतवणूक काढून घेतली. कोणावर दंड, कोणावर नुसती यादी, कोणावर काहीच नाही, हे बळकावणारा कोणाचा दोस्त आहे यावर आजही ठरते. १८८१ मध्ये लंडन आणि लिस्बन दोस्त होते म्हणून मुरगावच्या कंपनीला कोणी विचारले नाही, त्याची ही आजची आवृत्ती.

हिशेब

या सगळ्यातून मला जे दिसते ते असे. बांधणाऱ्याला जाब तेव्हाच लागू पडतो, जेव्हा तो त्याच्या स्वतःच्या देशाच्या कायद्याने विचारला जातो, काम पूर्ण होण्याआधी विचारला जातो, आणि नाव घेऊन विचारला जातो. गोव्यात यांतले एकही साधले नाही, कारण ते साधण्याची ताकद आपल्या हातात नव्हती. काहोरा बासात पहिले काही अंशी साधले. केर्चला पहिले आणि तिसरे साधले, दुसरे चुकले. प्रदेशावर टाकलेली नाकेबंदी मात्र प्रत्येक ठिकाणी मुख्यतः तिथल्या माणसालाच पिळते. ज्या सरकारला कोणाला मुक्त करायचे आहे त्याने हे शस्त्र उचलताना दहादा विचार करावा. गोव्याच्या मुक्तीच्या इतिहासात आपण सत्याग्रह आणि सैन्य यांची पाने वाचतो. मधल्या सहा वर्षांच्या नाकेबंदीचे पान बहुधा उलटून पुढे जातो. ते वाचले पाहिजे, कारण तिथे आपण सही हेतूने चुकीच्या माणसाला शिक्षा केली.

चिंचगुंडीकडे परत येतो. त्या प्रसंगाच्या हकिकतींत गार्टलंड आणि हॉल यांची नावे आहेत. बाबूरावांचे नाव आहे. त्यांना पकडून देण्यात मदत करणाऱ्या अहेरीच्या जमीनदारीणबाई लक्ष्मीबाईंचे आणि त्यांना बक्षीस मिळालेल्या गावांचेही आहे. तार कोणाकडून विकत घेतली, खांबांचे लाकूड कोणी कोणत्या जंगलातून दिले, त्यावर कोणाला किती नफा झाला, यातले एकही नाव तिथे नाही. त्या अर्थाने २०२० ची ती ११२ नावांची यादी, दंड करू शकत नसली तरी, चांद्याच्या इतिहासात जे राहून गेले ते करते : बांधणाऱ्याचे नाव लिहून ठेवते. पुढे हिशेब करायचा झाला, तर निदान कोणाकडे मागायचा ते माहीत असेल.